मागच्या सीटवर तिसरी खुर्ची

जरा हळू बोलेन, बोलायची सवय नाही. मी एका चारचाकीची मागची सीट आहे. पुढच्या दोन सीटा सगळ्यांना ठाऊक. एकीवर गाडी चालवणारा बसतो, दुसरीवर त्याला रस्ता सांगणारी. उरलेले सगळे माझ्यावर. उरलेल्या माणसांजवळ बोलायला पुष्कळ असतं. ते ऐकत ऐकतच माझं वय झालं.

कारखान्यात मला लोखंडी चौकट मिळाली, तिच्यावर स्प्रिंगा, वर फोम आणि त्यावर राखाडी कापड. तीन बेल्ट मिळाले आणि ते अडकवायला तीन लॉक. लाल बटणांची ती लॉक माझ्या अंगातून दोन बोटं वर डोकवायची. ज्या कामगाराने मला गाडीत बसवलं, त्याने तिन्ही बेल्ट एकदा लावून पाहिले. टक, टक, टक. तो आवाज मला आवडला. पुढे कितीतरी वर्षं तो कुणी केलाच नाही.

माझे पहिले मालक एकटे होते. माझ्यावर त्यांच्या फायली असायच्या आणि एक छत्री. त्यांच्याकडून गाडी योगेशने घेतली. योगेश सिन्नरच्या एका कारखान्यात कामाला, राहायला नाशकात इंदिरानगरला. गाडी ताब्यात आली तशी ती घरी गेली नाही, आधी सहादूच्या दुकानात गेली. सहादू सीटकव्हर शिवायचा. आपल्याकडे गाडी घेतली की पहिलं कव्हर. सीट खराब होऊ नये म्हणून सीटच झाकून टाकायची, ही माणसांची तऱ्हा मला आजवर कळलेली नाही.

कव्हर चॉकलेटी रेक्झिनचं होतं. आतून जाड फोम आणि दोन्ही दारांच्या बाजूला उशीसारखे फुगवटे. योगेशची आई चंद्रभागाबाई माझ्यावर बसून बघायला आली होती. बसली आणि लगेच उठली.

"हे काय रुततंय रं कमरेत?"

"बेल्टचं लॉक आहे आजी," सहादू म्हणाला. "मागं कोण लावतं बेल्ट? दाबून टाकू का खाली?"

"टाक बाबा. म्हातारं हाड हाय."

सहादूने तिन्ही लॉक माझ्या फटीत खोल दाबली आणि वरून कव्हर ताणून शिवलं. कुणी तोंड शिवून टाकावं तसं मला झालं.

पण चंद्रभागाबाईवर मी रुसू शकले नाही. ती चपला खाली काढून, मांडी घालून माझ्यावर बसायची, डाव्या खिडकीशी. आधी त्या मांडीत सृष्टी वाढली, योगेशची थोरली. ती पाच वर्षांची झाली तेव्हा घरात जुळे आले, आयुष आणि बंटी. मग एक मांडीत, एक खांद्यावर आणि सृष्टी काखेला चिकटून. खड्डा आला की म्हातारी तिघांना घट्ट धरायची आणि योगेशला म्हणायची, "तुला रस्त्यानं चालवायला सांगितलंय, खड्ड्यानं नाय." तिघं झोपली की एका हाताने मला थोपटायची. सीटला थोपटणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

मग ते झालं. सिन्नरकडून येताना पुढचा टोमॅटोचा पिकअप एकदम थांबला. योगेशने ब्रेक दाबला. म्हातारीच्या हातातला बंटी राहिला. मांडीतला आयुष निसटला आणि पुढच्या सीटच्या पाठीवर आपटला. कपाळावर तीन टाके पडले. मांडी कितीही मायेची असली तरी ब्रेकपुढे तिचं काही चालत नाही, हे त्या दिवशी मी आणि म्हातारीने बरोबरच शिकून घेतलं.

घरात तिला कुणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, असं तिच्या बसण्यावरून मला वाटायचं. हर्षालीने, म्हणजे सुनेने, एवढंच ठरवलं, "तिघांना गाडीत बेल्टने अडकवायच्या तीन खुर्च्या घ्यायच्या. त्या बसेपर्यंत एकही पोर या गाडीतून जाणार नाही."

आणि जायचं तर होतंच. हर्षालीचं माहेर मनमाडजवळच्या एका खेड्यात. तिचे वडील भिमाजी अंगावरून वारं गेल्यापासून खाटेवर होते. जुळी अपुऱ्या दिवसांची, महिनाभर काचेच्या पेटीत राहिलेली, छातीने नाजूक. पहिले दहा महिने लांबचा प्रवास नको आणि गर्दीत तर अजूनही न्यायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून रेल्वे नाही, एसटी नाही. भिमाजींनी ही दोन नातवंडं पाहिली होती ती फोनमध्येच. आता दोघांना अकरावा महिना लागला होता. जावळ काढायचं ते वर्षाच्या आत, नाहीतर थेट तिसऱ्या वर्षी, आणि तेही मामाच्या मांडीवर. मामा रवी रेल्वेत. त्याला सुट्टी मिळाली होती ती एकाच रविवारची. फोनवर भिमाजी लेकीला म्हणाले होते, "तिसऱ्या वर्षाचं मला सांगू नको गं बाई. तवर कोण राहतंय?"

हातात तीन आठवडे होते.

पहिल्या रविवारी योगेशने इमारतीच्या पार्किंगमध्ये गाडीची चारी दारं उघडली. जुळ्यांसाठी दोन मोठ्या खुर्च्या आणि सृष्टीसाठी एक बुटकी, नुसती बैठक उंच करणारी. दोन मोठ्या त्याने दोन दारांशी ठेवल्या आणि मधे बुटकी खुपसायला लागला. ती जाईना. गुडघा देऊन दाबली. दाबला जात होता तो माझा फोम. वरच्या मजल्यावरचा समाधान गॅलरीतून बघत होता.

"योगेशभाऊ, मधली आधी घाला!"

मधली आधी घातली. मग डावं दार लागेना. जोरात आपटलं तर उजव्या दाराशी ठेवलेली खुर्ची बाहेर पडली.

समाधान खाली आला. "माप घेतलंय का?"

"सहा वीत भरते सीट."

"कुणाच्या वितीनं?"

"माझ्या."

"खुर्ची कुणाच्या वितीनं मोजली?"

"हर्षालीनं मोजली."

समाधान कपाळावर हात मारून हसला. मला हसू आलं नाही. चार बोटं कमी पडत होती आणि ती चार बोटं माझ्याजवळच होती. दोन्ही दारांशी रेक्झिनच्या आत फोमचे फुगवटे करून ठेवलेली. कव्हर काढा, मी मनात ओरडत होते. पण सीट कितीही ओरडली तरी बाहेर फक्त स्प्रिंग कुरकुरते.

"ही सीट लय आवाज करते हो," समाधान म्हणाला. "ऑइल घाला."

दुसऱ्या रविवारी योगेशने कशाबशा तिन्ही खुर्च्या कोंबल्या. एक तिरकी, एक तिच्यावर चढलेली. आता बेल्ट. त्याने बेल्ट ओढला, खुर्चीवरून घेतला आणि त्याचं टोक हातात धरून माझ्यावर लॉक शोधू लागला. इकडे चाचपलं, तिकडे चाचपलं. त्याची बोटं रेक्झिनवरून माझ्या लॉकवरून गेली. अगदी वरून. एकदा नाही, तीनदा.

"या गाडीला मागं लॉकच दिली नाहीत," तो म्हणाला. "जुनी गाडी घेतली की असंच."

जिवाचा संताप होणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. अरे बाबा, दिलीत! तिन्ही दिलीत! कोरी करकरीत आहेत, आठ दिवससुद्धा वापरलेली नाहीत!

तो डिकीतून नायलॉनची दोरी घेऊन आला. ज्या दोरीने टपावर गहू बांधून आणायचा, त्या दोरीने त्याने पोरांच्या खुर्च्या बांधल्या. तीन तीन गाठी मारल्या. मग हर्षालीला बोलावलं. तिने एका खुर्चीला हात घालून ओढलं. खुर्ची आडवी झाली.

"अहो, ही गव्हाची गोणी आहे का?"

"मग काय करू? तूच सांग!"

"मला काय विचारता? मी बाबांना काय सांगू ते सांगा."

ती जिना चढून गेली. योगेश दोरीचं टोक हातात घेऊन माझ्या कडेला बसला.

चंद्रभागाबाई जिन्याच्या पायरीवर मेथी निवडत होती. योगेश जिथे जिथे चाचपत होता तिथे तिची नजर जात होती. मी ते पाहिलं. आणि मला समजलं, म्हातारीला आठवलंय.

सोमवारी दुपारी ती एकटी खाली आली. दार उघडून नेहमीच्या जागी बसली, मांडी घालून. तिचा हात रेक्झिनवरून सरकत बरोबर लॉकच्या वर आला आणि तिथेच थांबला.

"हितंच हाय," ती हळूच म्हणाली.

मग सांग ना बाई, मी म्हटलं. स्प्रिंग कुरकुरली.

ती माझ्याशी बोलली की स्वतःशी, मला माहीत नाही. "तीन खुर्च्या बसल्या तर माझी जागा कुठं? पुढं ती दोघं. मागं ही तिघं. मी काय डिकीत बसू?" थोडं थांबून म्हणाली, "पोरांना धरायला मला देणारच नाय आता. आणि कशाला देतील?"

मंगळवार गेला. बुधवार गेला. ती बोलली नाही. मला तिचा राग आला, आयुष्यात एकदाच. रागासोबत माझी मलाच भीतीही वाटत होती. कारण ती गप्प राहिली तर ती माझ्यावरच बसणार होती, आणि मलाही तेच हवं होतं. हे कबूल करायला लाज वाटते, पण खरं आहे.

गुरुवारी भिमाजींचा फोन आला तेव्हा हर्षाली पार्किंगमध्येच होती, आयुषला कडेवर घेऊन. "नाही जमत बाबा," ती म्हणाली. "या वेळी नाही जमत. रवीला सांगा सुट्टी नको घेऊ." पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. हर्षालीने फोन ठेवला आणि गाडीच्या दाराला टेकून रडली. मागे चंद्रभागाबाई उभी होती. आयुषच्या कपाळावरचा टाक्यांचा वण तिच्याकडेच तोंड करून होता.

"हर्षाली, पोराला घेऊन वर जा," म्हातारी म्हणाली. "आणि माझ्या गोधडीच्या डब्यातलं ब्लेड पाठव योगेशच्या हाती."

योगेश ब्लेड घेऊन आला. "आई, काय करतेस?"

"मी गोधड्या शिवते चाळीस वर्सं. शिवण उसवायला मला शिकवू नको." तिने सहादूची शिवण एका टोकापासून टराटरा उसवली. चॉकलेटी रेक्झिन सोललं गेलं. माझं राखाडी कापड उघडं पडलं, नवंच्या नवं. तिने फटीत मनगटापर्यंत हात घातला आणि एकेक करून तिन्ही लॉक वर ओढली.

योगेशने एका लॉकचं लाल बटण दाबून पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"मीच दडपायला लावली होती. मला रुतत होती म्हणून." मग मान खाली घालून म्हणाली, "आणि ध्यानात येऊन चार दिस झाले. बोलले नाय. काय म्हणायचं ते म्हण."

योगेशने बेल्टचं टोक तिच्या हातात दिलं. तिने ते लॉकमध्ये घातलं.

टक.

फुगवटे गेले तशी दोन्ही बाजूंनी जागा सुटली. हर्षालीने खुर्चीबरोबर आलेली पुस्तिका पहिल्यांदाच नीट वाचली. वर्षाच्या आतल्या मुलांनी गाडीत पाठमोरं बसायचं, असं तिच्यात लिहिलं होतं.

"तोंड फिरवून?" म्हातारी म्हणाली. "भांडण झालंय का त्यांचं?"

जुळ्यांच्या खुर्च्या उलट्या फिरवल्या, एक मधे, एक उजव्या दाराशी. सृष्टीची बुटकी डाव्या दाराशी, आजीच्या खिडकीत. पुढच्या सीटा इतक्या पुढे घ्याव्या लागल्या की हर्षालीचे गुडघे समोर टेकले. दार पहिल्यांदा लागलं नाही, दुसऱ्यांदा लागलं नाही. तिसऱ्यांदा लागलं. हर्षालीने एकेक खुर्ची धरून ओढली. एकही हलली नाही.

तेव्हा कुठे योगेशच्या लक्षात आलं. तो दाराशी उभा राहून पुढे मागे बघू लागला, जणू सहावी जागा कुठे तरी सापडेल.

"आई, तू..."

"मी एसटीनं येते. बायांना अर्धं तिकीट हाय. तुझ्या या डब्यात गुडघे मोडून कोण बसतंय?"

"आई, तुम्ही पुढे बसा, मी बसने येते," हर्षाली म्हणाली.

"तुझा बाप तुझी वाट बघतोय का माझी?"

रविवारी तिने स्वतः तिघांचे बेल्ट लावले. तीन वेळा टक झालं. प्रत्येक बेल्ट ओढून पाहिला, मग पुन्हा एकदा ओढून पाहिला. नंतर पिशवी घेऊन ती रिक्षाकडे चालू लागली. वळून बघितलं नाही. आम्ही चांदवडच्या वाटेने मनमाडकडे गेलो. वाटेत दोनदा जोरात ब्रेक लागला. माझ्यावरून कुणीही निसटलं नाही.

भिमाजींची खाट घरच्यांनी अंगणात आणली होती. गाडी तिच्यासमोरच उभी केली, म्हणून मला सगळं दिसलं. रवी पाटावर बसला, त्याच्या मांडीवर आधी आयुष, मग बंटी. भिमाजींचा एकच हात हलतो. त्या हाताने त्यांनी दोन्ही तुळतुळीत डोकी चाचपली आणि कितीतरी वेळ हात काढलाच नाही. म्हातारी पोचली तेव्हा जावळ होऊन गेलं होतं. एसटी उशिरा सुटली होती. तिने हात धुतले आणि बंटीला उचलून घेतलं.

आता असंच चाललंय. घर कुठेही निघालं की म्हातारी खाली येते, तिघांचे बेल्ट लावते, ओढून बघते आणि दार लावून बाजूला होते. माझ्यावर ती बसत नाही. तीन खुर्च्यांच्या पायांनी माझ्या फोमला खळगे पडलेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. चंद्रभागाबाईबद्दल आहे, पण ती कुणाकडे करायची?

तुमच्याही गाडीत माझी एखादी बहीण असेल, रेक्झिनखाली दडपलेली. फटीत एकदा हात घाला. लॉक वर काढा. रुतलं तर रुतू द्या.

आणि योगेश, तुला एक सांगायचं होतं. सृष्टी भराभर उंच होतेय. अजून चार-पाच वर्षांनी तिची खुर्ची निघेल, जुळ्यांनाही बुटक्या येतील, मग पुढची सीट पुन्हा मागे सरकेल आणि हर्षाली सोबत नसेल तेव्हा रिकामी राहील. तिथे तुझ्या आईला बसवशील, हे मला माहीत आहे. पण एखाद्या दिवशी पोरं घरी असताना तिला माझ्यावर बसव, डाव्या खिडकीशी. बेल्ट लावून बसव. मांडी घालता येणार नाही, ती कुरकुरेल. मीही कुरकुरेन. तेवढं होईपर्यंत गाडी विकू नकोस. आम्हा दोघींनाही फार वर्षं थांबता येणार नाही.