दादांच्या फोल्डरात

"पुन्हा टाइप कर," नवरा मागे उभा राहून म्हणाला.

घरच्या धाकट्या सुनेने 'पानजोड' असं टाइप करून एंटर दाबलं. पडद्यावर तीच ओळ आली. असा प्रोग्रॅम सापडला नाही.

"बघ. जाता जाता पुसून गेला. मला वाटलंच होतं."

दादा, म्हणजे तिचे मोठे दीर, परवाच छापखान्यातून वेगळे झाले होते. पुस्तकाची पानं मोठ्या कागदावर योग्य क्रमाने मांडणारा हा प्रोग्रॅम त्यांनीच लिहिलेला. संध्याकाळी परीक्षेच्या पुस्तिका द्यायच्या होत्या आणि त्याच्याशिवाय काम सुरूच होणार नव्हतं. नवऱ्याने मात्र सकाळपासून दादांनी आणखी काय नेलं ते बघायला कपाटं उचकली होती, यंत्रांचे स्पॅनरसुद्धा मोजून पाहिले होते.

"वकिलाला फोन लावतो. मुद्दाम केलंय त्यानं."

"थांबा जरा. सापडला नाही म्हणतंय. गेला असं कुठे म्हणतंय?"

"तुला फार पुळका. बोलणं होतं वाटतं अजून?"

"जाऊबाईंशी होतं. तुमचा विषय नसतो, घाबरू नका."

नाव टाइप केलं की कॉम्प्युटर ते ठरलेल्या काही फोल्डरांतच शोधतो. बाकीची डिस्क त्याच्या लेखी नसतेच. तिने सगळी डिस्क धुंडाळायला लावली आणि हात मांडीवर ठेवून बसली. नवरा नंबर काढून उभाच होता.

एक ओळ उमटली. दादांच्या खात्यातलं फोल्डर.

"म्हणजे लपवला होता."

"लपवला कशाला? 'तुझा पसारा सगळ्यांच्या जागेत नको' असं तुम्हीच बजावलं होतं. म्हणून त्यांनी स्वतःच्या फोल्डरात ठेवला आणि स्वतःच्या खात्याला तिथेही बघायला सांगून ठेवलं."

"मग आज का दिसेना?"

"आपण सगळे त्यांच्याच खात्यातून काम करायचो. ते तुम्ही काल बंद केलंत, नवं उघडलंत. नव्याला ती जागा कोणी सांगितली?"

टेबलावर छापखान्याच्या दाराला लावलेल्या नव्या कुलपाचं रिकामं खोकं पडलं होतं.

तिने या वेळी नुसतं नाव न देता पूर्ण पत्ता टाइप केला. त्यात दादांचं नाव होतं, ते तिने सावकाश, न चुकता लिहिलं. प्रोग्रॅम चालू झाला. पानं मांडायच्या आधी तो नेहमी एक ओळ दाखवायचा. नवरा कॉलेज संपवून छापखान्यात आला तेव्हा दादांनी ती गमतीने घातली होती, आणि मग कोणी काढलीच नाही.

'छोट्या, कागद भर.'

तो ती ओळ वाचत उभा राहिला. मग फोन खिशात टाकून त्याने कागदांचा गठ्ठा उचलला आणि टेबलावर ठोकून कडा सारख्या करू लागला. कडा सारख्या झाल्या, तरी तो ठोकत राहिला.