लांबड्यातला ठोका

दार अर्धंच उघडून सिस्टरने बाहेर डोकं काढलं आणि तोंडावरचा कपडा हनुवटीखाली ओढला.

“मास्तरांच्या घरचं कोण आहे?”

मास्तरीणबाई इतक्या झटकन उठल्या, की मांडीवरची पिशवी खाली पडली. पिशवीत मास्तरांचा चष्मा होता, अंगठी होती आणि मापं घ्यायची टेप होती. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कपडे बेतणारे. ती टेप गळ्यात घालूनच ते दवाखान्यात आले होते, आणि आत नेताना ती काढायला त्यांनी लहान पोरासारखी कुरकुर केली होती.

“मी आहे. झालं का?”

“नाही हो, अजून चालूच आहे. जरा विचारायचं होतं.”

ऑपरेशन अर्ध्यावर टाकून विचारायचं काय असतं? शेजारी बसलेली मुलगी उठून आईला खेटून उभी राहिली.

डॉक्टरीणबाईंनी सगळं आधीच समजावलं होतं, तरी ऐकून समजणं वेगळं आणि इथे बाकावर बसणं वेगळं. मास्तरांच्या डोक्यात गाठ होती. उजवा हात ज्या जागेच्या हुकमावर चालतो, तिला ती अगदी खेटून बसली होती. म्हणून डोकं उघडायचं पण माणूस जागा ठेवायचा, आणि त्याने हात सतत हलवत राहायचा. हात चालतोय तोवर डॉक्टरीणबाई पुढे कापणार, अडला की थांबणार. थांबल्या तर गाठ उरते, आणि उरलेली गाठ वाढते. अंदाज चुकून जास्त कापलं तर गाठ जाते, पण हातही जातो. मग मास्तर उरतील, कात्री उरणार नाही.

“हाताने काय करत राहाल?” असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा कितीतरी दिवसांनी मास्तरांचा चेहरा उजळला होता.

“ठोके धरीन,” ते म्हणाले. “आपल्या चौघांचे.”

आपले चौघे म्हणजे कोणी काका-मामा नव्हेत. केस खांद्यापर्यंत वाढवलेल्या चार परक्या माणसांचा तो बँड. मास्तरांना मिसरूड फुटत होतं तेव्हा त्यांची एक कॅसेट गल्लीत आली आणि गल्लीतली सगळी पोरं वेडी झाली. पुढे बँड मोडला, चौघांतले दोघे वारले, पोरांची टक्कलं पडली, पण वेड काही गेलं नाही. दुकान उघडलं की आधी चौघे सुरू व्हायचे, मग दिवा लागायचा. “एक सवत असती तर झिंज्या उपटल्या असत्या,” मास्तरीणबाई गिऱ्हाइकांना सांगायच्या, “या दाढीवाल्या चौघांचं काय करू?” त्या तिथेच मशीनवर बसून शिवायच्या. चौघांचं सगळ्यांत मोठं गाणं कॅसेटची अख्खी बाजू खायचं. त्याचे शब्द गल्लीत कोणाला कळले नाहीत, म्हणून सगळे त्याला नुसतं ‘लांबडं’ म्हणायचे.

“ते ठोके धरतायत ना हाताने,” सिस्टर सांगू लागली, “पहिली दोन गाणी छान झाली. आता एक मोठं गाणं लागलंय. त्यात एका जागी हात अडतो. एक ठोका पडतच नाही, पुढचा परत पडतो. डॉक्टरांनी हात बाजूला घेतले, गाणं पहिल्यापासून लावलं. आत कुठेही स्पर्श केला नव्हता, तरी तिथेच अडला.”

“मग त्यांनाच विचारा ना. जागे आहेत ना ते?”

“विचारलं. ते म्हणतात, मी बरोबरच वाजवतोय. आणि त्याचीच काळजी वाटते. हात थांबतो आणि त्यांना कळत नाही, असं झालं असेल तर पुढे जाता येणार नाही. डॉक्टर म्हणाल्या, बंद करायच्या आधी घरच्यांना एकदा विचारून या. आधीपासून असं काही होतं का?”

काळजाचा ठोका चुकणं म्हणजे काय, ते मास्तरीणबाईंना त्या क्षणी कळलं. मग अचानक मान वर करून म्हणाल्या, “अडतात कुठे? गिटार एकटीच कुंईकुंई करते, सगळं गप होतं आणि मग ड्रम परत येतात, तिथे?”

“हो, तिथेच!”

“मग बरोबर आहे त्यांचं. तिथे ठोका नाहीच मुळी. एवढी वर्षं ऐकतेय, मला विचारा. मशीनवरचा पाय थांबतो माझा तिथे. जा, सांगा डॉक्टरांना.”

सिस्टरचा चेहरा खुलला. ती वळलीसुद्धा. तेवढ्यात मुलगी म्हणाली, “आई, ठोका आहे गं तिथे.”

“काय बोलतेस?”

“मीच भरून दिलीत ना गाणी आतल्यांना. काल सगळी ऐकून बघितली. तिथे ठोका आहे.” मुलीने फोन काढला. घाईत गाणं पटकन सापडेना. सापडल्यावर तिने गिटारच्या जागेपासून लावलं.

गिटार एकटी रडली. सगळं गप झालं. मग ड्रम आले, एकामागून एक, सलग, खणखणीत. कुठेही फट नव्हती.

मास्तरीणबाई त्या फोनकडे बघत राहिल्या. जन्मभर ऐकलेलं गाणं असं कसं दगा देईल? की आपणच भ्रमात होतो? की दुकानात मास्तर काहीतरी बडबडायचे तिथे आणि आपला पाय थांबायचा? आता शपथेवर सांगावं असं त्यांच्याकडे काहीच उरलं नाही.

“मी आत सांगते मग,” सिस्टर हळूच म्हणाली. “जास्त वेळ उघडं नाही ठेवता येत.”

“थांबा. एकदा परत लाव गं. नीट ऐकू दे.”

मुलीने परत लावलं. त्याच वेळी भोंगा चहाचे कागदी पेले छातीशी धरून कोपऱ्यावरून आला. भोंगा मास्तरांचा त्याच गल्लीतला दोस्त. लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा, आणि हळू बोलायची देवाने सोयच ठेवलेली नाही. सकाळपासून त्याला दोनदा गप बसवून झालं होतं.

“अरे वा, लांबडं!” तो म्हणाला आणि पेले बाकावर ठेवून शेजारी टेकला. कोणाच्या चेहऱ्याकडे बघायच्या आधीच त्याची बोटं बाकाच्या कडेवर वाजू लागली.

गिटार रडली. सगळं गप झालं. ड्रम आले. भोंग्याचं बोट पडलं, पडलं, आणि एकदा वरच राहिलं. फोनमधला ठोका वाजून गेला. पुढच्या ठोक्याला बोट खाली आलं.

सिस्टरने ते बघितलं. मुलीनेही बघितलं.

“परत लावा,” सिस्टर म्हणाली.

परत लावलं. परत तिथेच बोट वर राहिलं. भोंग्याला आता सगळ्यांच्या नजरा टोचायला लागल्या.

“काय झालं, वहिनी? अशा काय बघताय? मास्तर बरा आहे ना?”

“काका, तुम्ही एक ठोका खाल्लात.”

“हॅट! मी? अगं, जन्म गेला. मी बरोबरच वाजवतोय.”

सिस्टर दचकली. आतल्या टेबलावरचा माणूस याच शब्दांत बोलला होता.

“भाऊजी,” मास्तरीणबाई म्हणाल्या, “नीट ऐका. गाण्यात तिथे ठोका आहे. तुम्ही तो सोडता. हेही सोडतात. का सोडता, सांगा. आत डोकं उघडं आहे त्यांचं.”

भोंग्याने फोन कानाशी धरला. ऐकलं. त्याचं तोंड उघडंच राहिलं.

“आयला,” तो म्हणाला, आणि जन्मात पहिल्यांदा हळू बोलला. “कॅसेट. वहिनी, ती कॅसेट एकदा माझ्या प्लेअरने गिळली होती. तुमच्या लग्नाच्या आधीची गोष्ट. चुरगळलेली टेप ओढून काढली, नखाएवढा तुकडा कापून टाकला आणि त्या जागी तेवढाच कोऱ्या टेपचा तुकडा चिकटपट्टीने जोडला. मास्तर आठ दिवस बोलला नव्हता माझ्याशी. त्याच कॅसेटवरून सगळ्यांनी उतरवून घेतली, दुकानातलीसुद्धा तीच. आम्हाला गाणं असंच येतं. आख्ख्या गल्लीला असंच येतं.”

सिस्टरने पुढचं ऐकलं नाही. ती आत पळाली.

दार बंद झालं आणि खरी भीती त्यानंतर सुरू झाली. तोवर निदान डॉक्टर थांबल्या होत्या. आता त्या घरच्यांच्या शब्दावर कापत होत्या. भोंग्याचं बोट थांबलं, ठीक आहे. पण मास्तरांचं त्याच कारणाने थांबलं, हे कशावरून? दोन्ही एकदमच असेल तर? कॅसेटची फट आणि गाठीची फट एकाच जागी आली असेल तर? ‘जा, सांगा डॉक्टरांना’ असं आपण केवढ्या तोऱ्यात म्हणालो! गिऱ्हाइकाचं कापड कापताना मास्तर दोनदा मोजायचे, आणि इथे नवऱ्याचं डोकं आपण एका बोटाच्या भरवशावर कापायला दिलं.

“उचलली जीभ लावली टाळ्याला,” त्या पुटपुटल्या.

“आई, काही बोललीस?”

“नाही.”

चहावर साय धरली. भोंगा बाकावर हात मांडीखाली दाबून बसला होता. ते परत काही वाजवतील, अशी जणू त्याला धास्ती होती.

उन्हं कलल्यावर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. डोळ्यांखाली काळं झालं होतं.

“गाठ निघाली. सगळी.”

मुलगी रडायला लागली. मास्तरीणबाई डॉक्टरांच्या तोंडाकडेच बघत होत्या. पुढे ‘पण’ येणार, हे त्यांना दिसत होतं.

“पण शेवटी हात थांबला. दमल्यामुळे असेल, आतल्या सुजेमुळे असेल. किंवा आमचा अंदाज चुकला असेल. आत्ता सांगता येत नाही. सध्या हात हलत नाहीये. एकीला आत जाता येईल, थोडा वेळ.”

मास्तर डोक्याला पांढरा फेटा बांधल्यासारखे पडले होते. डोळे मिटलेले. उजवा हात चादरीवर, तळवा खाली. त्या हातावर कात्रीने पडलेला घट्टा होता. मास्तरीणबाईंनी बोट धरून बघितलं. उचललं, सोडलं, तसं ते आपटून पडलं.

“अहो,” त्या म्हणाल्या.

पापणीही हलली नाही.

त्यांना ओक्साबोक्शी रडावंसं वाटलं, पण सिस्टर काचेपलीकडे उभी होती. मग स्वतःलाही नवल वाटावं असं त्यांनी केलं. पलंगाच्या कठड्यावर बोटाने ठोके धरले. आयुष्यात कधी ताल धरला नव्हता. “तुला शिलाई कळते, ताल नाही,” असं मास्तर चारचौघांत म्हणायचे. गिटारची कुंईकुंई त्यांनी ओठांतल्या ओठांत केली, थांबल्या, आणि ड्रम सुरू केले.

चादर जराशी हलली. वारा असेल, म्हणून त्यांनी तिकडे बघितलं. वारा नव्हता. उजव्या हाताचं पहिलं बोट वर उचललं जात होतं, ओलं लाकूड पेट घेतं तसं, नको नको करत. पडलं. पुन्हा उचललं.

आता ती जागा येणार होती. हे बोट नुसतंच उडतंय, की त्यामागे मास्तर आहेत? मास्तरीणबाईंनी त्या जागी, मुलीच्या फोनमध्ये वाजला होता तसा, ठोका मुद्दाम मारला.

मास्तरांचं बोट वरच राहिलं.

राहिलं, आणि पुढच्या ठोक्याला खाली आलं. कोरडे ओठ सुटे व्हायला वेळ लागला.

“चुकलीस,” मास्तर म्हणाले.

“हो,” मास्तरीणबाई म्हणाल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण त्यांनी वाद घातला नाही असं हे पहिल्यांदाच झालं.