कुंकवाची जागा

"हा लाल रंग कशाचा?" वेननं टॉर्चचा झोत इंजिनावरून न हलवता विचारलं.

प्रल्हादराव भागवतांना या प्रश्नाचा आनंदच झाला. हा दांडगा गोरा माणूस सकाळपासून त्यांच्या मिशिगनमधल्या, नोव्हाय गावच्या गॅरेजमध्ये कधी गाडीखाली आडवा होत होता, कधी बॉनेटमध्ये डोकं खुपसत होता आणि अवाक्षर बोलत नव्हता. जुन्या गाड्या अस्सल की बनावट हे सांगण्यात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नाही, असं सगळे म्हणत. त्यानं आता कुठे तोंड उघडलं होतं.

"कुंकू," ते म्हणाले. "आमच्याकडे दसऱ्याला यंत्रांची पूजा असते. माझी बायको दरवर्षी तिथे एक शुभचिन्ह काढते." स्वस्तिक हा शब्द त्यांनी शिताफीनं टाळला. या देशात तो तोंडातून गेला की पुढचा अर्धा तास खुलासे करण्यात जातो.

वेननं कापसाच्या बोळ्यानं कुंकू टिपलं आणि भिंग डोळ्याला लावलं. "आणि ही जागा इतकी गुळगुळीत कोणी केली?"

"तिनंच! आधी चिंच, मग बारीक पॉलिश पेपर. कशी लखलखतेय बघा. एकेक आकडा वाचता येतो."

वेननं टॉर्च बंद केला. प्रल्हादरावांनी उभा जन्म गाड्यांच्या ब्रेकची डिझाइनं करण्यात घालवला होता. इंजिनांतलं त्यांना बेताचंच कळे, पण माणूस असा सरळ उभा राहून हात पुसायला लागला की काय समजायचं ते कळत होतं.

गाडी सत्तर सालची, शेव्हरले कंपनीची शेव्हेल. तशा शेव्हेल ढिगानं निघाल्या. पण सगळ्यांत मोठं इंजिन घालून कारखान्यातून बाहेर पडलेल्या मोजक्याच, आणि ही त्यांतली आहे असं प्रल्हादराव वर्षानुवर्षं सांगत आले होते. महाराष्ट्र मंडळातले लोक हसायचे. सगळे जण मायलेज बघून जपानी गाड्या घेत असताना या गृहस्थानं पेट्रोल ढोसणारा राक्षस आणून बांधला म्हणून.

इंजिनाच्या पुढच्या अंगाला दोन बोटं रुंदीची एक सपाट पट्टी असते. गाडीचा नंबर तिच्यावर ठोकलेला असतो. वेननं समजावून सांगितलं, की पट्टी तासताना कारखान्यातलं पातं तिच्यावर केसासारख्या बारीक रेषा सोडून जातं. भामटे दुसरंच इंजिन आणतात, त्याचा नंबर घासून काढतात आणि हवा तो ठोकतात. घासताना रेषा जातात. म्हणून जाणकार माणूस आधी रेषा बघतो आणि मग नंबर.

"इथे रेषाच नाहीत," वेन म्हणाला. "नंबर बरोबर आहे. पण नंबर काय, कोणीही ठोकतो."

"दुसरा काही पुरावा?"

"नंबर गिअरबॉक्सवरही असतो, पण तुमचा गिअरबॉक्स आधीच्या मालकानं बदललाय. पेट्रोलच्या टाकीवर कारखान्यानं चिकटवलेला, गाडीच्या तपशिलाचा कागद उंदरांनी खाल्लाय. उरली होती ती ही पट्टी."

"अहो, झालं का?" आतून वसुधाबाईंचा आवाज आला.

"होतंय!" प्रल्हादराव ओरडले.

गाडी अस्सल ठरणं ही आता हौसेची बाब राहिली नव्हती. मार्चमध्ये वसुधाबाईंना स्ट्रोक आला. उजवं अंग लुळं पडलं आणि इंग्रजी गेलं, सगळंच्या सगळं. गावच्या लायब्ररीत काउंटरवर बसून भल्याभल्यांना इंग्रजीतून गप्प करणारी बाई आता फक्त मराठी बोलत होती आणि इंग्रजी बोललेलं तिला समजतही नव्हतं. गेल्या आठवड्यात तिला उचलताना दोघंही बाथरूममध्ये पडले. टेक्सासमधल्या अर्विंगहून मुलगा, अमेय, धावत आला. एक तर घरात राहणारी बाई ठेवायची, नाहीतर आईला येत्या सोमवारी नर्सिंग होममध्ये न्यायचं, असं रडत रडतच ठरवून तो परत गेला. मूळच्या नागपूरच्या, मराठी बोलणाऱ्या शरयूताई त्या कामाला यायला तयार होत्या, पण तेवढा पैसा फक्त या गाडीतूनच उभा राहणार होता, आणि तोही ती अस्सल ठरली तर.

"थांबा, फोटो आहेत!" प्रल्हादराव घरात पळाले आणि धापा टाकत अल्बम घेऊन आले.

प्रत्येक दसऱ्याचा फोटो होता. रेशमी साडीवर स्वेटर घातलेली वसुधा, उघडं बॉनेट, नारळ, कडेवरचा अमेय. आणि त्या पट्टीवर कधी कुंकू, कधी अक्षता, कधी झेंडू. एका फोटोत झेंडू जरासा सरकला होता. प्रल्हादरावांनी तो वेनच्या नाकाशी नेला. तिथे फ्लॅशचा नुसता पांढरा डाग होता. इतकी चकचकीत घासली होती तिनं.

आणि त्यांना पहिला दसरा आठवला. वसुधा बॉनेटवर कुंकू लावायला गेली, तेव्हा ते खेकसले होते, "रंगावर नको! डाग पडेल." ती खट्टू झाली. मग तिची समजूत काढायला त्यांनीच बॉनेट उघडून ती पट्टी दाखवली होती. "इथे लाव," ते म्हणाले होते. "इथे कोणी बघत नाही." तो रंग त्यानंतर दोनदा बदलून झाला होता.

"तुम्ही लिहा ना, पूजेमुळे रेषा गेल्या म्हणून."

"मालकाचं म्हणणं म्हणून लिहीन. पण खाली खात्री देता येत नाही, असंही लिहावं लागेल." वेनचा आवाज मऊ होता. "मिस्टर भागवत, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण घेणारा माझ्या विश्वासावर गाडी घेत नाही."

तो हत्यारं आवरू लागला. प्रल्हादरावांनी जन्मात कोणापुढे हात पसरले नव्हते. त्यांनी त्याची बाही धरली आणि तोंडातून मराठीच निघालं, "अहो, ती तिथे बोलणार कोणाशी?"

"सॉरी?" वेन म्हणाला.

"नथिंग," असं म्हणून त्यांनी बाही सोडली.

वेनचा ट्रक वळला न वळला तोच अमेयचा फोन आला. "बाबा, काय झालं? सर्टिफाय केलं?"

"नाही."

"ओके. मग मंडेचं कन्फर्म करतो. बाबा, प्लेस चांगली आहे, खरंच. चित्रांचा बोर्ड देतात. आईनं नुसतं पॉइंट करायचं."

"तिचा उजवा हात गेलाय, अमेय."

"डाव्यानं, बाबा," तो म्हणाला. "डाव्यानं करेल ती."

प्रल्हादरावांनी बॉनेट हलक्या हातानं लावलं. बोटांना लागलेलं कुंकू पुसायला गेले आणि तसंच राहू दिलं.

वसुधाबाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. "खरी निघाली ना हो?" त्यांनी सावकाश, एकेक शब्द शोधत विचारलं.

"खरी निघाली."

"मी म्हणत नव्हते? दरवर्षी एवढं घासूनपुसून ठेवलं, म्हणून." त्यांचा अर्धा चेहरा हसला. "नाहीतर तुम्ही कसले बघताय."

"हो," प्रल्हादराव म्हणाले. "तुझ्यामुळेच."

त्यांना रडू फुटेलसं वाटलं, म्हणून ते स्वयंपाकघरात गेले. ग्लास भरून आणला आणि तिच्या समोर स्टुलावर बसले. ग्लास मात्र हातातच ठेवला.

"म्हण, वॉटर."

"काय?"

"वॉ-टर. माझ्या तोंडाकडे बघ. वॉटर."

त्यांनी ओठ हलवून पाहिले. जीभ अडली. कपाळावर आठी आली, मग त्या कंटाळल्या. "पाणी," त्या म्हणाल्या.

"एकदाच म्हण, वसू. एकच शब्द."

"पाणी म्हटलेलं तुम्हाला कळतंय ना? मग?"

"कळतंय," ते म्हणाले आणि ग्लास तिच्या ओठांना लावला.