ट्रकचं फाउंडेशन बोटीत

मी एक जुनं, मधोमध फाटलेलं फाउंडेशन आहे, मित्रांनो, आणि मला फार राग आला आहे. जुन्या छत्र्या आणि फुटक्या घागरी आपली कहाणी सांगताना उसासे टाकतात म्हणे. माझ्याकडून तसलं काही होणार नाही.

आधी मी कोण ते सांगतो. इंजिन कधी सांगाड्यावर थेट बसवत नाहीत. मध्ये लोखंडाच्या दोन जाड पट्ट्या असतात आणि त्यांच्यामध्ये घट्ट चिकटवलेलं रबर. तोच मी. इंजिन थरथरतं, ती थरथर मी गिळतो. गाडी शांत चालली की लोक इंजिनाला शाबासकी देतात, माझं नाव कुणाच्या तोंडी येत नाही. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

कारखान्यातून निघालो तो थेट तुमसरला, भूपेंद्रशेठच्या ट्रकमध्ये. चिखल्याच्या खाणीतलं मँगनीज भरायचं आणि रेल्वेच्या मालधक्क्यावर नेऊन ओतायचं, हे आमचं रोजचं काम. मँगनीज काय चीज आहे ते तिथल्याच माणसाला विचारा. घमेलंभर उचललं तरी कंबर बोलू लागते. ट्रक अर्धासुद्धा भरलेला दिसत नाही आणि स्प्रिंगचे पाटे पार बसलेले असतात. अशा गाडीत मी सात वर्षं काढली. ट्रक भंगारात गेला तेव्हा शेठच्या गॅरेजचे तेजराम मिस्त्री मला हातात घेऊन म्हणाले, "पाहा न, अजून टणक हाये. एकेका खेपेले तीस टन मँगनीज ओढलं यानं!"

खरं तर मँगनीजचा भार चाकांवर होता, माझ्यावर फक्त इंजिनाचा. पण आमच्या भागात सगळं वजनावर मोजतात. कौतुक ऐकून मीही फुगलो, हे कबूल करतो. माझ्या तीन भावंडांसह मला पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलं.

मग शेठला बोटीचं वेड लागलं. धरणामागे पसरलेल्या वैनगंगेच्या फुगवट्यावर पर्यटक येऊ लागले होते. शेठनी समुद्रकाठच्या कुणाकडून तरी एक जुनी वेगवान बोट आणली. लांब नाक, तीनशे घोड्यांचं इंजिन. पण त्या इंजिनाखालची चारही फाउंडेशनं डिझेलमध्ये भिजून भिजून लोण्यासारखी मऊ झाली होती.

गॅरेजात हर्षा नावाची डिझेल मेकॅनिक होती. चिखल्याच्या खाणकामगारांच्या वसाहतीत वाढलेली, आयटीआय पहिल्या नंबरानं पास झालेली. तिनं इंजिनाचं आणि गिअरबॉक्सचं वजन काढलं, कोणत्या कोपऱ्यावर किती भार येतो ते कागदावर मांडलं आणि शेठकडे गेली.

"भाऊ, बोटीचे फाउंडेशन येगळे रायतात. मुंबईहून मागवा लागतीन. पंधरा दिवस लागतीन."

"पंधरा दिवस? रविवारी उद्घाटन हाये! पत्रिका वाटून झाल्या."

"मंग तारीख पुढं ढकला. ट्रकमध्ये फाउंडेशनले इंजिन तोलून धराचं असते. बोटीत मांगून पंखा पाणी ढकलते, न तो सारा जोर पंख्याच्या दांड्यातून इंजिनावर येते. इंजिन समोर सरकाले पाहाते. त्याले अडवणारं फाउंडेशन पायजे."

तेजराम मिस्त्री हसले. माझी पेटी उघडून त्यांनी मला टेबलावर आपटलं. "अवं पोरी, हे मँगनीजच्या गाडीतलं हाये. पाण्यावरचं खेळणं याच्यापुढं काय लागते?"

मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. वजन पेलणं वेगळं आणि समोरचा धक्का अडवणं वेगळं! डोक्यावर पोतं वाहणाऱ्या माणसाला बैलाची वेसण धरायला लावलंत, तर तो फरफटत जाणारच.

हर्षानं निदान शेवटचं सांगून पाहिलं. "काका, बोट आधी पाण्यात उतरवा. एक दिवस राहू द्या. पाण्यात तिचं अंग थोडं बदलते, रबरबी बसते. मंग दांडा न गिअरबॉक्सची तोंडं फिलर गेजच्या पातळ पट्टीनं फट मोजून जुळवा." मिस्त्रींनी ऐकलं नाही. बोट ट्रॉलीवरच होती, तिथेच नजरेनं अंदाज घेऊन आम्हा चौघांना बसवलं आणि पान्याला लांब पाईप लावून नट असे आवळले की माझं रबर चारही बाजूंनी बाहेर आलं. तीस वर्षांचा अनुभव म्हणे! अनुभव ट्रकचा होता, बोट त्यांनी त्या आठवड्यात पहिल्यांदा पाहिली होती.

रविवारी बँडबाजा होता, हार होते, नारळ फुटले. पाहुणे बोटीत चढू लागले. बुडण्यापासून वाचवणारी जॅकेटं खोक्यातच राहिली, कारण ती घातली तर फोटोत सत्काराच्या शाली झाकल्या जातात! हर्षा काठावरून सांगत होती, "बसू नका, फिटिंग बरोबर नाई." शेठ दात ओठ खाऊन म्हणाले, "चांगल्या कामात अपशकुन करू नको." तेव्हा ती म्हणाली, "लोक बसूनच राहिले, तं मीबी बसते," आणि इंजिनाजवळ येऊन बसली.

हळू चाललो तोवर मी कसाबसा टिकलो. मग काठावरच्या टाळ्या ऐकून शेठनी वेगाचा लिव्हर पार पुढे ढकलला. पंख्याचा सगळा जोर माझ्या अंगावर आला. इंजिन पुढे सरकलं, मी मधोमध टरकन फाटलो. दांडा वाकडा फिरत बोटीच्या तळाशी हाणू लागला आणि तो जिथून बाहेर जातो तिथलं पाणी अडवणारं पॅकिंग सैल होऊन पाणी आत उसळलं.

हर्षानं झेप घेऊन इंजिन बंद केलं. ओढणी काढली आणि दांड्याभोवती पिळून पिळून कोंबली. सिहोऱ्याच्या कुंताबाई, बचत गटाच्या म्हणून बोलावलेल्या, प्रसादाचं पातेलं रिकामं करून पाणी उपसू लागल्या. एक पाहुणा नुसताच "वाचवा, वाचवा" करत होता. कुंताबाई त्याच्यावर कडाडल्या, "बोंबलून कायले राहिला? वंजळीनं उपस!" पाणी गुडघ्यापर्यंत आलं होतं, तेवढ्यात मासे धरणाऱ्या ढिवरांचे डोंगे पोहोचले आणि त्यांनी आम्हाला दोरानं ओढत काठाला लावलं. सगळे वाचले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरकारी साहेब पंचनाम्याला आले. शेठनी हर्षाला बाजूला घेतलं. "फाउंडेशन खराब निघालं, एवढंच सांग. तुह्यावर काई येत नाई. ट्रकचे नवे टाकू, पुढच्या रविवारी बोट चालू."

ऐकलंत? नवे टाकू म्हणे, ट्रकचेच! माझ्यावर खापर फोडून पुन्हा तीच बोट, तीच माणसं, तेच पाणी. तिनं मान हलवली असती तर तिची नोकरी टिकली असती. बोटीतून काढून फेकलेला मी काठावरच्या चिखलात पडून तिच्याकडे पाहत होतो.

तिनं मला उचललं, धुतलं आणि साहेबांसमोर धरलं. "खराब नाई हे, साहेब. वजनानं गेलं असतं तं दबलं असतं. हे पाहा, आडवं ओढल्यासारखं फाटलं. हे ट्रकचं हाये. बोटीत बसवाचंच नोतं. याच्या जागी दुसरं ट्रकचं टाकलं, तं तेबी असंच फाटन."

शेठ ओरडले, "फिटिंग हिनंच केलं, साहेब!"

तेजराम मिस्त्री पुढे येऊन साहेबांसमोर उभे राहिले. मग म्हणाले, "पोरगी खरं बोलून राहिली. म्या बसवलं. तिनं नाई म्हटलं होतं."

बोटीला सील लागलं. शेठनी दोघांनाही त्याच संध्याकाळी घरी बसवलं. खरं बोलणाऱ्यांचा सत्कार तेवढ्यावर झाला, शाल कुठली आणि नारळ कुठला!

आता हर्षा चिखल्याला पत्र्याच्या शेडमध्ये पंप आणि इंजिनं दुरुस्त करते. मी तिच्या फळीवर असतो. परवा एका गिऱ्हाइकानं मला उचलून पाहिलं. "हे खराब झालेलं कायले ठेवलं?"

"खराब नाई ते," ती म्हणाली. "त्याले चुकीच्या जागी बसवलं होतं."

मित्रांनो, वस्तू पुसा, त्यांना तेलापाण्यानं जपा, ते तर कराच. पण त्याआधी ती वस्तू कशासाठी घडवली आहे हे विचारा, आणि ज्याला ते ठाऊक आहे त्याचं ऐका, मग ती वयानं लहान मुलगी का असेना. पत्रिका वाटून झाल्या आहेत, हे तिला द्यायचं उत्तर नव्हे. त्या रविवारी बोटीत बसलेल्यांपैकी पोहता येणारी फक्त दोघं होती.