डाव्या हाताचा डाव

अर्धांगवायूनंतर दोन वर्षांनी रादोयका किकिंदा शहरातल्या बुद्धिबळ स्पर्धेला आली. उजवा हात लुळाच होता. पंच म्हणून मी म्हणालो, "तुमच्या चाली दुसरं कुणी लिहील."

"हिवाळाभर डाव्या हातानं अक्षरं गिरवलीत, ती काय चुलीत घालू?"

शेवटच्या फेरीत तिचा जुना प्रतिस्पर्धी मिलुतिन एका प्याद्यानं मागे होता. तरी म्हणतो, "दमलीस गं, बरोबरी घे."

"दया आली असेल तर घरी मांजराला दूध पाज. चाल कर!"

डाव आणखी दोन तास चालला. तिच्या घड्याळात तीनच मिनिटं उरली असताना मिलुतिननं हार मानली. तिनं वेड्यावाकड्या अक्षरांत निकाल लिहिला. डोळे भरले होते. निघताना कोट घालायला मात्र तिनं त्याची मदत घेतली.