पहिला मजला

अकराव्या हॉटेलला फोन लावेपर्यंत थोआचा आवाज चढलेला होता. आधीच्या दहांपैकी चौघांनी फोन उचलला नव्हता. तिघांनी "समुद्र अगदी समोर" असं सांगून नंतर मधे महामार्ग असल्याचं कबूल केलं होतं. उरलेल्यांना तिचा प्रश्नच हसण्यासारखा वाटला होता. प्रश्न साधा होता. तुमच्या दारापासून वाळूपर्यंत किती पावलं?

"पावलं?" अकराव्या हॉटेलची बाई म्हणाली. "ताई, मी खोल्या भाड्याने देते. जमिनीची मोजणी करत नाही."

"ठीक आहे, दुसरीकडे विचारते."

"थांबा की जरा. केवढा तो ताव." मग चपलांचा फटफट आवाज दूर गेला, एक कुत्रं भुंकलं, आणि बऱ्याच वेळाने बाई धापा टाकत परत आली. "एकशे बारा. मधे एक रस्ता आहे, पण त्यावरून मेंढ्यांशिवाय फारसं कोणी जात नाही. अजून काय मोजून देऊ?"

थोआने वहीत ११२ लिहिलं आणि भोवती गोल काढला. त्या दिवसात पहिल्यांदाच तिला जरा बरं वाटलं.

हा सगळा खटाटोप आईसाठी होता. थोआची आई न्यानबाई देशाच्या उत्तरेला, फू थोच्या डोंगरात, चहाच्या मळ्यांमधल्या एका गावात, पस्तीस वर्षं पहिलीच्या मुलांना शिकवत होती. समुद्राचा धडा आला की ती फळ्यावर एक मोठी लाट काढायची आणि मुलांच्या हातात निळा खडू द्यायची. समुद्र तिनेही पाहिला नव्हता. निवृत्त झाल्यावर शाळेने सहल काढली ती जवळच्या, उत्तरेच्या किनाऱ्यावर. तिथे नदीचा गाळ येतो आणि पाणी चहासारखं तांबूस दिसतं. न्यानबाई दिवसभर त्या पाण्याकडेच बघत राहिल्या. यंदा तेतच्या, म्हणजे नववर्षाच्या, सणाला सगळे जेवायला बसलेले असताना त्या एकदम म्हणाल्या, "मी त्या पोरांना खोटं तर शिकवलं नाही ना?"

त्या आता एकोणऐंशीच्या होत्या. सपाट जमिनीवर काठी टेकत दीडशे पावलं चालायच्या, मग बसायला लागायचं. जिना तर डॉक्टरांनी बंदच केला होता. आणि कोणी उचलून नेलेलं त्यांना चालायचं नाही. गेल्या वर्षी जिल्ह्याच्या इस्पितळात लिफ्ट बंद होती, तेव्हा थोआच्या थोरल्या भावाने, खिएमने, त्यांना पाठीवर घेऊन तीन जिने चढवलं होतं. वाटेत त्यांचे दोन जुने विद्यार्थी भेटले आणि वाकून नमस्कार करून गेले.  तिसऱ्या दिवशी न्यानबाई म्हणाल्या, "मी तांदळाचं पोतं नाही."

म्हणून थोआने ठरवलं होतं. आई समुद्रापर्यंत जाईल ती आपल्या पायांनी. बिछान्यातून उठेल, दाराबाहेर पडेल आणि वाळूपर्यंत पोचेल. त्यासाठी तिने कारखान्यातली सुट्टी साठवली होती, आगगाडीत आईसाठी खालची बर्थ घेतली होती, आणि खिशाला परवडेल असं हॉटेल शोधत होती. रात्रीचे अडीच लाख दोंग, म्हणजे साध्यातली साधी खोली, त्याच्या वर एक पैसा नाही.

हनोईत राहणाऱ्या खिएमला याचं हसू यायचं. "तू काय लग्न ठरवते आहेस का हॉटेलशी? पंधरा मजल्यांचं घे. लिफ्ट असते. मी फोनवरून दोन मिनिटांत करतो."

"ते समुद्रापासून किती लांब आहे, दादा?"

"गाडी करायची की. पोरं असतात तिथे, उचलून वाळूवर नेऊन बसवतील."

थोआने फोन ठेवला होता. पुढचे दोन दिवस त्याचं नाव निघालं की ती भांडी आपटायची.

अकराव्या हॉटेलच्या बाईला तिने शेवटचा आणि सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न विचारला. "खोली पहिल्या मजल्यावर हवी. पहिल्याच. त्याच्या वर मुळीच नको. आईचे गुडघे गेलेत."

"पहिला मजला, त्याच्या वर नाही. कळलं, ताई. एकशे एक नंबर देते. मला साऊ म्हणा, इथे कोणीही सांगेल."

फू थोला अंगणातून आत पाऊल टाकलं की पहिला मजला, आणि जिना चढलं की दुसरा. यात कोणाला काही समजावून सांगण्यासारखं आहे, हे थोआच्या मनात कधी आलंच नाही. तिने वहीत "पहिला मजला" लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

एक दिवस आणि एक रात्र गाडीत काढून मायलेकी दुपारी दूर दक्षिणेत निन्ह चूला उतरल्या तेव्हा ऊन नुसतं चटचटत होतं. हॉटेल सांगितल्याप्रमाणेच होतं, अरुंद, हिरव्या रंगाचं, दारात मोटारसायकली लावलेल्या. साऊ पन्नाशीची, उंच, हाडापेराने दणकट बाई होती. तिने बॅग उचलली, हसून "या आजी" म्हटलं, आणि ती सरळ जिना चढायला लागली.

"कुठे चाललात?" थोआने विचारलं.

"खोलीवर. एकशे एक."

"एकशे एक वर आहे?"

"मग कुठे असणार?"

थोआने जिन्याकडे पाहिलं. अठरा पायऱ्या, मधे एक वळण, एका बाजूला कठडा नाही. 

"मी तुम्हाला काय सांगितलं होतं? पहिला मजला. दोनदा सांगितलं होतं."

"हाच पहिला मजला, ताई."

"मला शिकवू नका. एक दिवस, एक रात्र म्हाताऱ्या बाईला घेऊन आले ती तुमच्या शब्दावर. खोली रिकामी ठेवायची नव्हती म्हणून खोटं बोललात. सरळ म्हणा ना, गिऱ्हाईक हवं होतं."

साऊने बॅग पायरीवरच ठेवली. हसणं गेलं होतं. "खोटं? तुमच्यासाठी भर उन्हात मी वाळूपर्यंत चालत गेले, पावलं मोजत. माझा नवरा म्हणाला, वेड लागलंय. आणि मी खोटी? तुम्ही उत्तरेची माणसं बोलता तेव्हा बातम्या वाचल्यासारखं वाटतं. ऐकणाऱ्याने फक्त मान हलवायची."

"आणि तुम्ही दक्षिणेची माणसं गोड बोलून गळा कापता. कांजीतसुद्धा साखर घालता म्हणे."

"घालते. गिळायची नसेल तर नका गिळू."

न्यानबाई या वेळी दाराशी एका लाल प्लास्टिकच्या स्टुलावर बसल्या होत्या. दोन्ही हात काठीवर ठेवून त्या जिना बघत होत्या, मूल एखादं न येणारं गणित बघतं तसा.

नेमका त्याच वेळी खिएमचा फोन आला. पोचलात का, असं त्याने विचारलं आणि थोआच्या श्वासावरूनच त्याला काय ते कळलं. "जिना आहे ना? मी म्हटलं नव्हतं? असो. मी दुसरीकडे खोली करतो, गाडी पाठवतो. त्यांची पोरं आईला उचलून..."

"दादा," थोआ म्हणाली. "त्या दिवशी इस्पितळात तू आईला पाठीवर घेतलंस. तिला विचारलं होतंस?"

"त्याचा आता काय संबंध?" खिएम म्हणाला.

"नव्हतं विचारलंस. तू वाकलास, तिचे हात ओढलेस आणि निघालास. सगळ्यांनी म्हटलं, केवढा मुलगा. तिने काय म्हटलं ते कोणी ऐकलं का? गाडी पाठवू नकोस." तिने फोन बंद केला. 

साऊने हे ऐकलं होतं. तिचा राग उतरला नव्हता, पण आवाज जरा खाली आला. "हे बघा, मी आणि माझा नवरा आजींना खुर्चीसकट वर नेतो. दोन मिनिटांचं काम. उद्या तसंच खाली आणू."

थोआ इतकी थकली होती की तिची मान हलणारच होती. तेवढ्यात काठी फरशीवर वाजली.

"मला कोणी उचलायचं नाही," न्यानबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही दोघी इथे माझ्यासमोर या. साऊ म्हणजे सहा. तुम्ही घरातल्या सहाव्या का?"

साऊ गोंधळली. "पाचवी, आजी."

"मग सहा कशा?"

"आमच्याकडे थोरल्याला दोन म्हणतात. तिथून पुढे मोजायचं."

"आणि एक कोण?"

"एक कोणी नसतं. जुनी माणसं म्हणायची, पहिलं मूल आहे हे नाव घेऊन सांगितलं की भुतं उचलून नेतात."

"बरं. आता मी जिथे बसले आहे, तो कितवा मजला?"

"हा? हा मजला नाही. हा नुसता तळ. जिना चढलं की पहिला."

न्यानबाईंनी थोआकडे पाहिलं. थोआने खाली फरशीकडे पाहिलं.

"आमच्याकडे," न्यानबाई हळूहळू, एकेक शब्द फळ्यावर लिहिल्यासारखा म्हणाल्या, "मी बसले आहे तो पहिला. तुम्ही लोक मजले एक कमी मोजता आणि मुलं एक जास्त. बेरीज तेवढीच येत असेल. इथे कोणी खोटं बोललेलं नाही."

थोआला वाटलं होतं की कारण कळलं तर राग जाईल. तो गेला नाही. उलट आता तो कोणावर काढावा हेच कळेना, म्हणून तो अंगात नुसता फिरत राहिला. "मग फोनवर सांगायचं नाही, की आमच्याकडे असं म्हणतात?"

"तुम्ही विचारलंत? पावलं विचारलीत. उशीला अभ्रा आहे का विचारलंत. मजला म्हणजे काय, हे कोणी विचारतं का?"

"गुडघे गेलेत म्हणून सांगितलं होतं."

"म्हणूनच दुसऱ्यावर नाही दिली."

 मग साऊ वळली, तिने मागचं एक दार लाथेने उघडलं आणि आतून ओरडली, "ही माझी खोली. खाली आहे. आजी इथे झोपतील. मी वर जाते, तुमच्या पहिल्या मजल्यावर, नाहीतर दुसऱ्यावर, काय असेल त्यावर."

"तुमची खोली नको आम्हाला."

"तुम्हाला कोण देतंय? आजींना देते आहे. खाट वळवायला हात लावा. पाय देवाकडे होतात."

खोलीच्या दाराला लागूनच जमिनीवर भूमीदेवाचं लहानसं देवघर होतं. त्याच्यापुढे केळी आणि पाण्याचा पेला होता. खाट वळवल्याशिवाय परक्या म्हातारीला तिथे झोपवणं साऊला पटणारं नव्हतं, आणि थोआलाही नव्हतं. दोघींनी लोखंडी खाट ओढली.

"माझ्याकडे ढकला."

"ढकलतेच आहे. तुमचा कोपरा अडकलाय."

"अडकला नाही, तुम्ही उचलत नाही."

खाट बसली तेव्हा दोघींच्या बोटांना गंज लागला होता. संध्याकाळी साऊने माशाची कांजी आणून ठेवली, थोडी आपटूनच. थोआने चव घेतली. गोड होती. तरी तिने वाटी पुसून खाल्ली, आणि याचाही तिला राग आला.

सकाळी ऊन पसरायच्या आत दोघी निघाल्या. न्यानबाईंनी पांढरा सदरा घातला होता, शाळेत वार्षिक समारंभाला घालायच्या तो. दार, उंबरा, रस्ता. मेंढ्या खरंच होत्या. न्यानबाई मनात मोजत होत्या आणि थोआ ओठ हलवत मोजत होती. एकशे दहा. एकशे अकरा. एकशे बारा.

वाळू अजून चांगलीच पुढे होती. मधे शेवाळी रंगाची एक भिंत होती आणि तिच्यामुळे पाणी दिसत नव्हतं.

"बघितलंस," थोआ दातओठ खात म्हणाली. "बाईला मोजतासुद्धा येत नाही. मी आत्ता जाऊन..."

"तिची टांग बघितलीस का? माझी दीड पावलं म्हणजे तिचं एक." न्यानबाई काठीवर वाकल्या होत्या, श्वास मोठा झाला होता. "म्हणजे अजून छप्पन्न."

दीडशेच्या पुढे त्या वर्षभरात कधी गेल्या नव्हत्या.  पाठीवर घेणं तिलाही जमलं असतं, आई आता फार हलकी होती. तिने हात पुढे केला आणि मागे घेतला.

मागून चपला फटफटल्या. साऊ लाल स्टूल हातात घेऊन येत होती. आल्या आल्या तिने ते रस्त्याच्या कडेला टेकवलं. "बसा आजी. आणि तुम्ही, ताई, जरा डोकं वापरा. म्हाताऱ्या माणसाला घेऊन निघताना स्टूल नको घ्यायला?"

"तुम्ही बरोबर मोजलं असतं तर लागलं नसतं."

"मी बरोबरच मोजलं. तुम्ही म्हणाला नाहीत, कोणाच्या पायांनी."

न्यानबाई बसल्या, दम खाल्ला, उठल्या. तीस पावलं चालल्या. साऊने स्टूल पुढे नेऊन ठेवलं. थोआ एका बाजूला, साऊ दुसऱ्या बाजूला, आणि दोघींपैकी कोणी न्यानबाईंना हात लावला नाही. दोघी भांडत राहिल्या, आधी पावलांवरून, मग कांजीवरून, मग मेंढ्यांना रस्त्यावर सोडावं की नाही यावरून. भिंत संपली. काठी वाळूत रुतली.

न्यानबाईंनी स्वतः स्टूल ओढून घेतलं आणि पाण्याकडे तोंड करून बसल्या. सूर्य नुकताच वर आला होता. जवळचं पाणी हिरवट दिसत होतं, लांबचं करडं, आणि अगदी टोकाला एक पट्टा दिसत होता, त्याचा रंग सांगणं कठीण होतं.

थोआला धीर धरवेना. एवढा प्रवास, एवढं भांडण, पस्तीस वर्षांचे खडू. "निळा आहे ना, आई?"

"सकाळचा असाच असतो," साऊ तिला मधेच तोडत म्हणाली. "नऊला बघा म्हणावं."

"नऊला ऊन किती असेल? तिला त्रास..."

"गप्प बसा दोघी," न्यानबाई म्हणाल्या. वर्गात म्हणायच्या त्याच आवाजात, आणि मान न वळवता. "अजून बघते आहे."