त्या फोटोत मी होतो

मित्रांनो, मी एक जुना काळा गाऊन आहे. पदवीधरांच्या फोटोत अंगावर दिसतो ना, तोच. शिवलं तेव्हा कावळ्यासारखा काळा होतो, आता करडा पडलोय आणि काखेत दोन ठिगळं आहेत. माझं कौतुक करणारी माणसं या मुलखात शेकड्यांनी सापडतील, तेव्हा आपल्याच तोंडाने आपली आरती ओवाळायची मला गरज नाही. मला एक कबुली द्यायची आहे. चार वर्षं झाली, ती गोष्ट मला खुंटीवर सुखानं लोंबू देत नाही.

सांगलीत तात्याबांचा फोटो स्टुडिओ आहे. अडुसष्ट साली आकाराम शिंप्याने तिथेच बसून मला शिवलं. कापड एका वकिलाच्या डगल्यातून उरलेलं. ते पुरेना, म्हणून आकारामने माझी पाठ शिवलीच नाही, नुसत्या नाड्या लावल्या. त्यामुळे गिऱ्हाईक हडकुळं असो की तालमीतलं, नाड्या आवळल्या की मी अगदी बेतल्यासारखा बसायचो. "फुडनं इद्वान आन मागनं नाड्या," अशी तात्याबा माझी थट्टा करायचे. माझ्या जोडीला पुठ्ठ्याची चौकोनी टोपी होती आणि हातात धरायला तांबड्या फितीने बांधलेली कागदाची भेंडोळी. ती भेंडोळी म्हणजे मागल्या वर्षाचं कॅलेंडर होतं. फोटोत ते कुणाला कळतंय?

जूनमध्ये बी. ए. चा निकाल लागला की माझी सुगी सुरू व्हायची. शिराळ्याची, मेढ्याची, कृष्णाकाठच्या उसाच्या गावांची पोरं घोळक्याने यायची. हीच पोरं तीन वर्षांपूर्वी कॉलेजच्या फॉर्मवर लावायचा फोटो काढायला आलेली मी पाहिलेली असायची. तेव्हा ती बंदुकीपुढे उभं केल्यासारखी कॅमेऱ्यापुढे उभी राहायची. आता तीच हसत, एकमेकांना ढकलत, पेढ्याचा पुडा घेऊन यायची. पुढे कुणी बँकेत चिकटायचा, कुणी तलाठी व्हायचा, कुणी पुण्याला जायचा, कुणी मुकाट्याने घरच्या उसात परतायचा. पण प्रत्येकाच्या घरी दारासमोरच्या भिंतीवर मी असायचोच. मी तर हरभऱ्याच्या झाडावर चढलो होतो. मला वाटायचं, कॉलेज वगैरे सगळं निमित्त, पोरांना बी. ए. मीच करतो.

तात्याबांचा मात्र एक नियम होता. मार्कलिस्ट पाहिल्याशिवाय ते मला खुंटीवरून काढत नसत. "फोटू भितीवर पन्नास वर्सं ऱ्हातुया," ते म्हणायचे. "त्यो खोटा असला, तर पन्नास वर्सं खोटं बोलंल."

हा नियम एकदाच मोडला, आणि तो मोडला गुंडासाठी.

गुंडा कवठे महांकाळच्या पलीकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. सत्तर साली पहिल्यांदा आला, तेव्हा तात्याबांनी नाव विचारलं तर त्याला ते तीनदा सांगावं लागलं, इतका त्याचा आवाज बारीक. पण कॉलेजने त्या पोराचं सोनं केलं. दुसऱ्या वर्षी त्याने वादविवादाची ढाल जिंकली. ढालीसकट सगळ्या संघाचा फोटो होता, तेव्हा कोण कुठे उभा राहील हे गुंडाच सांगत होता. वर्तमानपत्र, निवडणूक, पाऊसपाणी, सगळ्यावर तो बोलायचा. "ह्यो गडी लांब जानार," असं तात्याबा त्या दिवशी म्हणाले, आणि ते खरंच होतं. पण बोलण्याच्या नादात अभ्यासाकडे त्याचं दुर्लक्ष झालं, हे आम्हाला कुठून कळणार?

त्र्याहत्तरच्या जूनमध्ये गुंडा आला, तो आईला घेऊन. हरणाबाई उन्हाने रापलेल्या, पायांत जाड चपला, डोक्यावर पदर. दुष्काळात त्यांची अर्धी मेंढरं गेली होती, तरी त्यांनी पोराला कॉलेजातून माघारी बोलावलं नव्हतं. त्या दिवशी त्यांचं हसू काही केल्या आवरत नव्हतं.

"मार्कलिस्ट कुठाय रं?" तात्याबांनी विचारलं.

"कॉलेजातच हाय अजून," गुंडा खाली बघत म्हणाला. "उद्या मिळंल."

तात्याबा त्याच्याकडे बघतच राहिले. पास झालेलं पोर कसं येतं हे त्यांना पाठ होतं. या पोराबरोबर ना मित्र होते, ना पेढे. त्यांनी हरणाबाईंकडे पाहिलं. त्यांचा हसरा चेहरा पाहिला, आणि मला खुंटीवरून काढलं.

गुंडाच्या खांद्यांवर मी बसलो आणि मलाही कळलं, कारण पास झालेलं पोर छाती फुगवतं, हे खांदे आत ओढलेले होते. नाड्या हरणाबाईंनी स्वतः बांधल्या. मग त्या भेंडोळीवरून बोट फिरवून म्हणाल्या, "ही म्हंजी तुजी डिगरी न्हवं?"

"व्हय, आये," गुंडा म्हणाला.

मित्रांनो, माझी डावी शिवण आठ दिवसांपासून उसवत आली होती. मी त्या वेळी टर्रकन फाटलो असतो, तर तात्याबांना निमित्त मिळालं असतं. "आज जमत न्हाई, उद्या मार्कलिस्ट घिऊनच या," असं ते म्हणू शकले असते. गुंडाला रात्रभराचा अवधी मिळाला असता. कदाचित परतीच्या एसटीत त्याने आईला सगळं सांगितलंही असतं. पण मी फाटलो नाही. उलट छाती काढून इतका ऐटीत बसलो की तात्याबांच्या हातून त्या वर्षातला सर्वांत देखणा फोटो निघाला. त्या देखणेपणाची मला आज लाज वाटते.

त्यानंतर दोन वर्षांनी हरणाबाई एकट्या आल्या. पदराखाली फ्रेम होती. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि उभ्यानेच सांगू लागल्या.

"आवं दादा, लेक दोन वर्सं झाली मेंढरामागं हिंडतोय. नोकरीचं इचारलं की अर्ज केलाय म्हनतो. वस्तीतल्या समद्यांचे कागद ल्हितो, कचेरीत जाऊन भांडतो, लय शाना हाय. मला वाटलं, सोतासाठी बोलाया लाजतोय. आमच्याकडं नवं हायस्कूल निघालंय. बी. ए. मास्तर पायजेल, असं समदी म्हनत हुती. तवा म्याच गेली फोटू घिऊन."

तात्याबा खुर्चीवरून अर्धे उठले होते, ते तसेच बसले.

"हेडमास्तर म्हनलं, मावशी, पदवीचा कागद कुठाय? म्या म्हनलं, ह्यो काय, हातातच धरलाय की. तितं चार मानसं बसल्याली, ती हसली. हेडमास्तर न्हाई हसलं. त्यांनी हळूच सांगितलं, असा फोटू कुनालाबी काढून मिळतो म्हनून." हरणाबाईंनी फ्रेम तात्याबांकडे सरकवली. "लेकाला म्या काय इचारलं न्हाई अजून. आदी तुमास्नी इचारती. ह्यो फोटू खोटा हाय का?"

तात्याबांना खोटं बोलता आलं असतं. मला वाटलं, ते बोलतील.

"फोटू खरा हाय, अक्का," ते म्हणाले. "गाऊन माझा हाय. कागद म्हंजी जुनं क्यालेंडर."

"तुमास्नी ठावं हुतं?"

"मार्कलिस्ट न्हाई बघितली. पन वळखलं हुतं."

"मग त्यादिशी का न्हाई बोलला?"

"तुमी हसत हुता. मला बोलवंना."

हरणाबाईंनी फ्रेम पालथी घातली. मग म्हणाल्या, "मला अक्षर येत न्हाई, दादा. म्हनून म्या तोंडं बघून इस्वास ठिवती. त्याचं बघितलं, तुमचं बघितलं. दोघांनीबी मला चार मानसांत नेऊन हुबं केलं." फ्रेम तिथेच ठेवून त्या निघून गेल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं आणि चार शिव्या घातल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं.

पुढचं आम्हाला गुंडाकडून कळलं. तो एका विषयात नापास झाला होता, अर्थशास्त्रात. आई त्याच्यावर ओरडली नाही की रडली नाही. "पास झाल्याबिगर वस्तीवर यिऊ नगंस," एवढंच म्हणाली. तो सांगलीत येऊन राहिला. दिवसा हळदीच्या गोदामात काम आणि नंतर अभ्यास. अधूनमधून स्टुडिओत यायचा, पिवळ्या हातांनी चहाचा कप धरून बसायचा. तो तात्याबांना बोल लावत नसे आणि तात्याबा त्याला. दोघांमध्ये मी लोंबत असायचो. ऑक्टोबरच्या परीक्षेत दोन मार्कांनी राहिला. पुढच्या जूनमध्ये पास झाला.

पदवीचा कागद हातात आला त्या दिवशी तो सरळ स्टुडिओत आला आणि न विचारताच त्याने तो टेबलावर पसरला. तात्याबांनी चष्मा लावून दोनदा वाचला. मग उठले आणि मला खुंटीवरून काढलं, झटकलं. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, आता माझं पाप फिटणार, त्याच खांद्यांवर मी खरा होऊन बसणार.

"गाऊन नगं, तात्याबा," गुंडा म्हणाला. "ह्या कागदाचाच फोटू काढा. मोठा. पास झाल्यावर वस्तीवर गेलतो, तवा आयनं सांगितलंय."

"आन तू?"

"म्या नगं त्यात." त्याने कागदाची घडी सरळ केली. "तोंड बघून काय कळत न्हाई, म्हनली. कागद दिसला पायजे."

तात्याबांनी मला खुर्चीच्या पाठीवर टाकलं. कागद फळीवर टाचण्यांनी लावला. गुंडाने दिवा धरला, आणि त्या कागदाचा फोटो निघाला. शिक्का अगदी स्वच्छ आला होता.

गुंडा आता शिराळ्याकडे एका हायस्कुलात मास्तर आहे. चांगलं शिकवतो म्हणतात. आईला दर महिन्याला भेटायला जातो. तिच्या घरात भिंतीवर तो कागद आहे. लेकाचा फोटो एकही नाही, हे त्यानेच तात्याबांना सांगितलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी संपवताना आमची निगा राखा म्हणून विनवतात. मला कसर लागली तरी चालेल. माझं मागणं एवढंच आहे. तुमचा निकाल वाईट लागला, तर घरी जाऊन आपल्याच तोंडाने सांगा, आणि सांगून होईपर्यंत माझ्या वाटेला येऊ नका. आई रागावेल, रडेल, त्या दिवशी कदाचित चूलही पेटवणार नाही. पण चार माणसांत तिला मान खाली घालावी लागणार नाही.